दीड वर्षाची बेगमी, आठ दिवसांत बंद: हाँगकाँगच्या 'ॲपल डेली'चे प्रकरण

हाँगकाँग सरकारने 'ॲपल डेली' बंद करण्याचा हुकूम कधीच काढला नाही. छापखान्याला टाळे ठोकले नाही, वीज तोडली नाही, वर्तमानपत्राची नोंदणीही रद्द केली नाही. 17 जून 2021 च्या सकाळी पाचशे पोलीस इमारतीत शिरले. त्यानंतरही पेपर रोज निघत होता, आणि 24 जूनच्या पहाटे शेवटचे दहा लाख अंक त्याच यंत्रांवर छापून बाहेर पडले. कंपनीकडे पैसा नव्हता असेही नाही. मूळ कंपनी 'नेक्स्ट डिजिटल'ने त्याआधी काही आठवडे शेअर बाजाराला कळवले होते की 31 मार्च 2021 रोजी आपल्याकडे सुमारे 52 कोटी हाँगकाँग डॉलर रोख आहेत. मालकाने आणखी एक छदामही घातला नाही, तरी 1 एप्रिलपासून दीड वर्ष कारभार चालेल असा तिचा हिशेब होता.

दीड वर्षाची बेगमी असलेला पेपर आठ दिवसांत कसा बंद पडला, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे. या घटनेबद्दल लिहिताना बहुतेक जण संपादकांची अटक आणि पावसात उभे राहिलेले वाचक यांच्यापाशी थांबतात. पण पेपर बंद पडला तो हिशेब खात्यात, म्हणून इथे जास्त वेळ तिथेच घालवला आहे.

पेपर आणि त्याचा पैसा

'ॲपल डेली' काही सोवळा पेपर नव्हता. 20 जून 1995 ला तो निघाला तोच भडक रंगीत पाने, खून-मारामाऱ्या, नटनट्यांच्या मागावरचे छायाचित्रकार आणि बड्यांची लफडी घेऊन. 1998 मध्ये एका कौटुंबिक शोकांतिकेतील माणसाला पैसे देऊन बातमी रंगवल्याबद्दल त्याला पहिल्या पानावर माफी मागावी लागली होती. मालक जिमी लाय 1947 साली ग्वांगझूत जन्मलेला, बाराव्या वर्षी हाँगकाँगला पळून आलेला, हातमोज्यांच्या कारखान्यात राबून वर आलेला. 1981 मध्ये त्याने 'जिओर्दानो' ही कपड्यांच्या दुकानांची साखळी काढली. 1989 च्या तिआनानमेन हत्याकांडानंतर तो प्रकाशनाकडे वळला. 1994 मध्ये चीनचे तेव्हाचे पंतप्रधान ली पेंग यांना उद्देशून त्याने शिवराळ जाहीर पत्र लिहिले, तेव्हा चीनमधल्या दुकानांवर गदा आली आणि 'जिओर्दानो'तला हिस्सा विकावा लागला. म्हणजे धंद्याच्या मार्गाने दाब आणण्याचा प्रयोग त्याच्यावर पेपर निघण्याआधीच झालेला होता.

पेपरवर पहिला दाब आला तो जाहिरातींचा. 2013 च्या अखेरीस एचएसबीसी आणि स्टँडर्ड चार्टर्ड या दोन बड्या बँकांच्या जाहिराती बंद झाल्या. त्यावर पेपरने 2019 मध्ये ऑनलाइन वर्गणीचा मार्ग धरला. सरकारवर नाराज असलेला वाचक खिशातून पैसे द्यायला तयार होता. यातून एक गोष्ट पक्की झाली की जाहिरातदारांना घाबरवून हा पेपर आता बंद पडणार नाही. पण जाहिरातीचा पैसा असो की वाचकाचा, तो शेवटी बँकेतल्या खात्यात येतो आणि तिथूनच पगाराला जातो. ती नळी एकच राहिली.

कायद्यातले नेमके खिळे

2019 च्या जूनमध्ये आरोपींना चीनच्या हवाली करण्याच्या विधेयकाविरुद्ध हाँगकाँगभर मोर्चे निघाले. 9 जूनच्या मोर्चात दहा लाख आणि 16 जूनच्या मोर्चात वीस लाख लोक होते असे आयोजकांचे म्हणणे. पोलिसांचे आकडे यापेक्षा खूप कमी होते. शहराची वस्ती साधारण 75 लाख. त्यावर बीजिंगचे उत्तर वर्षभराने आले. 30 जून 2020 ला चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेच्या स्थायी समितीने राष्ट्रीय सुरक्षा कायदा मंजूर केला. तो हाँगकाँगच्या विधिमंडळात आलाच नाही. रात्री 11 वाजता कायदा लागू झाला आणि त्यातली 66 कलमे लोकांना वाचायला मिळाली तीही तेव्हाच.

चार गुन्हे सगळ्यांना पाठ झाले: फुटीरता, सत्ता उलथवणे, दहशतवादी कृत्ये आणि परकीय शक्तींशी संगनमत. जन्मठेपेपर्यंत शिक्षा. पण वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाने ज्या तरतुदींखाली रेघ मारावी त्या जरा आतल्या पानांत आहेत.

कलम 42 नुसार, आरोपी यापुढे राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोचवणार नाही असे मानायला पुरेसा आधार असल्याशिवाय न्यायाधीशाने जामीन द्यायचा नाही. आधी जामीन हा नियम होता, तो इथे उलटा झाला. कलम 44 नुसार असे खटले चालवणारे न्यायाधीश मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने, म्हणजे हाँगकाँग सरकारच्या प्रमुखाने, नेमलेल्या यादीतलेच असतात. कलम 46 नुसार ज्यूरी, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणारी सामान्य नागरिकांची पंचमंडळी, वगळता येते. आणि कलम 43 खाली 6 जुलै 2020 ला निघालेल्या अंमलबजावणी नियमांना सात परिशिष्टे आहेत. त्यातले तिसरे परिशिष्ट मालमत्ता गोठवण्याचे. 'ॲपल डेली'चे प्रकरण समजून घ्यायचे तर हे परिशिष्ट समजले पाहिजे.

ते असे चालते. एखादी मालमत्ता राष्ट्रीय सुरक्षेविरुद्धच्या गुन्ह्याशी संबंधित असल्याचा सुरक्षा सचिवाला सबळ संशय आला की तो लेखी नोटीस काढतो. त्याआधी न्यायालयात जावे लागत नाही, आरोप सिद्ध व्हावा लागत नाही. नोटीस निघाली की त्या पैशाला सचिवाच्या परवान्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही. 'कोणीही' यात खातेदार आला, बँक आली, आणि बँकेत बसून व्यवहाराला मंजुरी देणारा अधिकारीही आला. मोडल्यास सात वर्षांपर्यंत कैद. खातेदार पुढे न्यायालयात दाद मागू शकतो, पण तोवर पैसा गोठलेलाच. रकमेच्या आकड्याला इथे फार महत्त्व नाही. खाते एकदा डागी ठरले की त्यात येणारा पैसाही अडतो, हे महत्त्वाचे.

धाड फसली, मग शेअर गोठले

10 ऑगस्ट 2020 ला सुमारे दोनशे पोलिसांनी त्सेउंग क्वान ओ भागातल्या 'ॲपल डेली'च्या इमारतीवर पहिली धाड घातली. जिमी लायला बेड्या घालून त्याच्याच वृत्तकक्षातून फिरवले आणि ते सगळे पेपरच्या लोकांनी थेट प्रक्षेपित केले. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या 70,000 च्या जागी साडेपाच लाख अंक छापले गेले. एकेका माणसाने गठ्ठेच्या गठ्ठे घेतले, ठिकठिकाणी फुकट वाटले. 'नेक्स्ट डिजिटल'चे मरगळलेले शेअर दोन दिवसांत कित्येक पटींनी चढले. धाडीने पेपरला बळच दिले.

पुढचे काही महिने लायभोवती फास आवळण्यात गेले. 3 डिसेंबरला कार्यालयाच्या भाडेकराराच्या अटी मोडल्याच्या फसवणुकीच्या आरोपात कोठडी, 12 डिसेंबरला राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली आरोप. 23 डिसेंबरला उच्च न्यायालयाने एक कोटी हाँगकाँग डॉलरच्या जामिनावर सोडले आणि 31 डिसेंबरला अंतिम अपील न्यायालयाने पुन्हा आत पाठवले. 9 फेब्रुवारी 2021 च्या निकालात त्याच न्यायालयाने कलम 42 चा वर सांगितलेला अर्थ कायम केला. मालक तुरुंगात गेला तरी पेपर चालूच होता, कारण रोजचा अंक काढणारी माणसे वेगळी होती.

14 मे 2021 ला तिसरे परिशिष्ट लायवर वापरले गेले. लायचे 'नेक्स्ट डिजिटल'मधले 71.26 टक्के शेअर आणि त्याच्या तीन कंपन्यांची हाँगकाँगमधली खाती गोठवली गेली. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मालकीवर या कायद्याखाली पहिल्यांदाच टाच आली. त्याचबरोबर त्याची खाती असलेल्या बँकांना सुरक्षा सचिव जॉन ली यांच्याकडून पत्रे गेली. या पैशाला हात लावाल तर सात वर्षे, असा त्यांचा मजकूर होता.

इथे व्यवस्थापनाचा एक अंदाज चुकला, आणि तो समजण्यासारखा आहे. मालकाचे शेअर गोठले म्हणजे मालक आता पैसा घालू शकणार नाही, एवढाच अर्थ लावला गेला. म्हणून खुलासा आला तोही 'मालकाच्या पैशाविना दीड वर्ष चालेल' असा. कंपनीच्या स्वतःच्या चालू खात्यावर तीच नोटीस येऊ शकते, हे कायद्यात लिहिलेले होते. मालकाची मालमत्ता वेगळी आणि कंपनीची वेगळी, हा कंपनी कायद्याचा पहिला धडा. तिसऱ्या परिशिष्टासमोर तो धडा टिकत नाही, कारण तिथे मालकी कोणाची हे पाहत नाहीत, गुन्ह्याशी संबंधाचा संशय आहे की नाही एवढेच पाहतात.

17 ते 24 जून

गुरुवार, 17 जून. सकाळी पाच वरिष्ठांना त्यांच्या घरून अटक: मुख्य संपादक रायन लॉ, कंपनीचे मुख्य कार्यकारी चेउंग किम-हुंग, कामकाज प्रमुख रॉयस्टन चाउ, सहप्रकाशक चान पुई-मान आणि ऑनलाइन विभागाचे चेउंग ची-वाय. त्याच वेळी पाचशे पोलीस इमारतीत. या वेळच्या झडती वॉरंटमध्ये पत्रकारितेचे साहित्य जप्त करण्याची मुभा स्पष्ट दिलेली होती. पोलिसांचे म्हणणे असे की तीसहून अधिक लेखांतून परदेशांना निर्बंध लादण्याचे आवाहन केले गेले. त्यातले काही 2019 मधले, म्हणजे कायदा जन्माला येण्याआधीचे. लेख नेमके कोणते, याची यादी त्या दिवशी दिली नाही.

यादी न देण्याचा परिणाम वृत्तकक्षात काम केलेल्या कोणालाही कळेल. कोणते वाक्य गुन्हा आहे हे माहीत असेल तर उपसंपादक ते वाक्य काढतो. माहीत नसेल तर प्रत्येक वाक्याकडे संशयाने बघतो.

त्याच दिवशी 'ॲपल डेली लिमिटेड', 'ॲपल डेली प्रिंटिंग लिमिटेड' आणि 'एडी इंटरनेट लिमिटेड' या तीन कंपन्यांचे मिळून 1 कोटी 80 लाख हाँगकाँग डॉलर गोठवले गेले, तेव्हाच्या दराने साधारण 17 कोटी रुपये. समूहाजवळच्या 52 कोटींपुढे ही रक्कम किरकोळ वाटते. पण नावे पुन्हा वाचा: एक कंपनी पेपर काढणारी, दुसरी छापणारी, तिसरी संकेतस्थळ चालवणारी. पुढे या तिन्ही कंपन्यांवर आरोपपत्रही दाखल झाले. आरोपी कंपनीच्या खात्यात पैसे भरायला गेलेल्या विक्रेत्यांचे पैसे बँकांनी परत केले. समूहातल्या इतर कंपन्यांच्या खात्यांत पैसा होता, पण तिथून या तिघींकडे तो वळवण्याचा व्यवहार कोणता बँक अधिकारी सही करून पुढे पाठवील? उद्या तोच व्यवहार गुन्ह्याशी संबंधित ठरला तर आत जाणार तो.

शुक्रवारी पाच लाख अंक छापले आणि लोकांनी रांगा लावून घेतले. दहा हाँगकाँग डॉलरचा एक अंक. पण हा विक्रीचा पैसा कंपनीच्या हातात पडण्याचा रस्ताच उरला नव्हता. ऑगस्ट 2020 ला जे औषध लागू पडले, ते आता पडेना. वाचकांनी कितीही अंक विकत घेतले तरी काही होणार नव्हते, ही या आठवड्यातली सर्वात क्रूर बाब.

मग प्रश्न पगाराचा. हाँगकाँगच्या रोजगार कायद्यानुसार पगाराची मुदत संपल्यापासून सात दिवसांत पगार दिलाच पाहिजे. जाणूनबुजून चुकवल्यास साडेतीन लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय पुढचा पगार देता येईल असे मालकाला प्रामाणिकपणे वाटत नसेल, तर त्याने नोकरीचे करार लगेच संपवण्याची पावले उचलली पाहिजेत असेही हा कायदा सांगतो. कामगाराला फुकट राबवून घेतले जाऊ नये म्हणून केलेली ही चांगली तरतूद. इथे तिने दुसऱ्या बाजूने दार लावून घेतले. बँक पैसा सोडत नाही, आणि पैसा नसताना माणसे कामावर ठेवणे हा संचालकांचा स्वतंत्र गुन्हा. पत्रकार बिनपगारी काम करायला तयार असतील, पण पेपर चालवणाऱ्या कंपनीला ते कायद्याने परवडणारे नाही.

शनिवारी लॉ आणि चेउंग किम-हुंग यांना जामीन नाकारला गेला. कंपनीने पगारापुरता पैसा मोकळा करावा म्हणून सुरक्षा खात्याला विनंती केली. सोमवारी 21 तारखेला संचालक मंडळ बसले आणि शुक्रवार, 25 जूनपर्यंत वाट पाहायचे ठरले. त्याच दिवशी संध्याकाळचे ऑनलाइन बातमीपत्र शेवटचे झाले आणि इंग्रजी विभाग थांबला. राजीनामे येत होते. बुधवारी 23 तारखेला सकाळी 'ली पिंग' या टोपणनावाने अग्रलेख लिहिणाऱ्या येउंग चिंग-की यांना अटक झाली. दुपारी मंडळाने जाहीर केले की छापील अंक शनिवारच्या पलीकडे जाणार नाही. त्यानंतर थोड्याच वेळात पेपरच्या व्यवस्थापनाने शनिवारचीही वाट न पाहता मध्यरात्रीच थांबायचे ठरवले आणि कारण दिले कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे. पैशाच्या हिशेबाने अजून तीन दिवस होते, पण तेवढ्यात अजून किती जणांना उचलतील याचा भरवसा नव्हता.

रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी संकेतस्थळ गेले. ही गोष्ट छापील अंक बंद होण्यापेक्षा मोठी होती. छापलेला कागद लोकांच्या घरात राहतो, तर 26 वर्षांचे ऑनलाइन संग्रहण एका क्षणात दिसेनासे झाले. आधीच्या दोन-चार दिवसांत अनोळखी वाचकांनी रात्री जागून हजारो लेख उतरवून घेतले आणि 'आरवीव्ह' नावाच्या ब्लॉकचेनवरच्या (अनेक संगणकांवर विखुरलेल्या, सहज पुसता न येणाऱ्या) साठ्यात टाकले. जे वाचले ते असे वाचले. पेपरने स्वतः आधीपासून देशाबाहेर प्रत ठेवायला हवी होती, हे आता म्हणणे सोपे आहे.

25 जूनला, म्हणजे संचालक मंडळाने जी मुदत धरली होती त्याच शुक्रवारी, सुरक्षा सचिव जॉन ली यांना बढती मिळून ते मुख्य सचिव झाले. पुढच्या वर्षीच्या 1 जुलैपासून ते शहराचे मुख्य कार्यकारी अधिकारी.

गाठ कुठे बसली

या प्रकरणातून हाती लागणारे निष्कर्ष पत्रकारांपेक्षा हिशेबनिसांनी आधी वाचावेत असे आहेत. दीड वर्षाची गंगाजळी ही सुरक्षितता नव्हती, कारण ती त्याच शहरात, त्याच नियमांखालच्या बँकांत होती. प्रकाशन, छपाई आणि संकेतस्थळ यांच्या तीन वेगळ्या कंपन्या केल्याने तोटा वेगळा राहतो, संशय मात्र वेगळा राहत नाही. तैवानमधली आवृत्ती वेगळ्या देशात होती म्हणून ती वर्षभर तगली. तिथला छापील पेपर 17 मे 2021 लाच बंद झाला होता, संकेतस्थळ ऑगस्ट 2022 पर्यंत चालले. पण तिचीही मूळ कंपनी हाँगकाँगची असल्याने शेवटी ती अवसायकांच्या, म्हणजे कंपनी मोडीत काढणाऱ्यांच्या, हाती गेली. 'नेक्स्ट डिजिटल'च्या संचालकांनी सप्टेंबर 2021 मध्ये राजीनामे देऊन कंपनी गुंडाळण्याची भूमिका घेतली, तरी सरकारने स्वतः अर्ज केला आणि 15 डिसेंबर 2021 ला न्यायालयाचा तसा आदेश झाला.

बँक हे हत्यार दोन्ही बाजूंना सापडले होते, हेही नोंदवायला हवे. अमेरिकेने ऑगस्ट 2020 मध्ये तेव्हाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी कॅरी लाम यांच्यावर निर्बंध लादले. त्यानंतर कोणतीही बँक आपल्याला सेवा देत नाही आणि घरात रोकडीचे ढीग पडले आहेत, असे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितले होते. लाम यांना पगार रोखीत मिळत राहिला. शेकडो माणसांच्या पेपरला तसे करता येत नाही.

भारतीय वाचकाला यातले काही ओळखीचे वाटेल. 1910 च्या प्रेस ॲक्टखाली ब्रिटिश सरकार नव्या छापखान्याकडून 500 ते 2,000 रुपये अनामत घेई, ती जप्त झाली की पुढची 1,000 ते 10,000 रुपयांची. पुष्कळ मराठी पत्रे त्याने मेटाकुटीस आली. पण वर्गणी काढून नवी अनामत भरली तर पुढचा अंक निघे. आणीबाणीत 25 जून 1975 च्या रात्री दिल्लीतल्या बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज तोडली, ती नंतर आली. खाते गोठले की असा 'नंतर' उरत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये 'ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडिया'ची खाती सक्तवसुली संचालनालयाने गोठवली. सरकारने परकीय निधीच्या नियमभंगाचे कारण दिले, संस्थेने ते नाकारले, आणि 29 सप्टेंबरला कर्मचाऱ्यांना निरोप देऊन काम थांबवले. कायदे वेगळे, देश वेगळे. पण कर्मचाऱ्यांच्या पगारापाशी येऊन अडण्याची जागा तीच.

पुढे नोटिशीचीही गरज उरली नाही

29 डिसेंबर 2021 ला 'स्टँड न्यूज' या ऑनलाइन वृत्तसंस्थेवर दोनशेहून अधिक पोलीस गेले, 6 कोटी 10 लाख हाँगकाँग डॉलर गोठवले गेले. 'ॲपल डेली'ला आठ दिवस लागले होते, 'स्टँड न्यूज' त्याच दिवशी बंद झाली. 'सिटिझन न्यूज'ने तर 4 जानेवारी 2022 ला स्वतःहून दुकान आवरले. त्यांच्याकडे पोलीस आले नव्हते, खातेही गोठले नव्हते. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेच्या पत्रकारिता स्वातंत्र्याच्या क्रमवारीत हाँगकाँग 2021 मध्ये 80 वे होते, 2022 मध्ये 148 वे झाले.

संघटनांसाठी त्याच अंमलबजावणी नियमांचे पाचवे परिशिष्ट वापरात आले. त्याखाली पोलीस एखाद्या संस्थेला परकीय हस्तक ठरवून सभासद, हिशेब, पत्रव्यवहार यांची माहिती मागू शकतात. तिआनानमेनच्या स्मृत्यर्थ दर 4 जूनला मेणबत्त्यांची सभा भरवणाऱ्या 'हाँगकाँग अलायन्स'ला 25 ऑगस्ट 2021 ला असे पत्र आले, मुदत 14 दिवस. आम्ही कोणाचे हस्तक नाही, म्हणून माहिती देणार नाही, असे वकील चाउ हांग-तुंग यांनी ठणकावले. 8 सप्टेंबरला त्यांना अटक झाली आणि 25 सप्टेंबरला संस्था विसर्जित झाली. साडेचार महिन्यांच्या शिक्षेविरुद्धचे त्यांचे अपील मार्च 2025 मध्ये अंतिम न्यायालयात यशस्वी झाले. नुसते पोलिसांना तसे वाटले म्हणून भागत नाही, संस्था खरोखर हस्तक होती हे सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. तेव्हा संस्था विसर्जित होऊन साडेतीन वर्षे झाली होती. पत्रकार बाओ चॉय यांचेही असेच झाले. 2019 मध्ये युएन लाँग रेल्वे स्थानकात जमावाने लोकांवर केलेल्या हल्ल्याच्या तपासासाठी त्यांनी गाडीच्या नोंदींचा सरकारी अर्ज भरला आणि त्यात चुकीचा उद्देश निवडला म्हणून एप्रिल 2021 मध्ये 6,000 हाँगकाँग डॉलर दंड झाला. तो जून 2023 मध्ये रद्द झाला.

खटला

लायच्या खटल्यात ज्यूरी नव्हती, नेमलेल्या यादीतले तीन न्यायाधीश होते. टिळकांवरच्या 1908 च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयात ज्यूरी होती. सात युरोपीय आणि दोन पारशी अशी ती होती आणि सात विरुद्ध दोन असा कौल आला. पण ते दोन तरी इतिहासात राहिले. राजद्रोहाच्या आरोपाचे नातेही तिथलेच. हाँगकाँगचा वसाहतकालीन राजद्रोह कायदा 1938 चा, आणि ज्या 'अप्रीती'वर टिळकांना दोनदा शिक्षा झाली तोच शब्द त्यातही होता. आपल्याकडे 1962 च्या केदारनाथ सिंह निकालाने हिंसेची किंवा अव्यवस्थेची चिथावणी असल्याशिवाय राजद्रोह नाही अशी मर्यादा घातली. हाँगकाँगच्या अंतिम न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ताम ताक-ची या राजकीय कार्यकर्त्याच्या प्रकरणात हिंसेच्या चिथावणीची गरज नाही असे सांगितले.

लायने ब्रिटिश वकील टिम ओवेन यांना नेमायचे ठरवले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये अंतिम न्यायालयाने ते मान्यही केले. 30 डिसेंबरला बीजिंगने कायद्याचा अर्थ लावून दिला आणि ओवेन यांचे येणे राहिले. 18 डिसेंबर 2023 ला खटला सुरू झाला. पेपरच्या सहा वरिष्ठांनी आधीच गुन्हा कबूल केला होता. आणि 2021 च्या जूनमध्ये पोलिसांनी जी यादी दिली नव्हती ती इथे समोर आली: एप्रिल 2019 ते 24 जून 2021 पर्यंतचे 161 लेख. 15 डिसेंबर 2025 ला लायला संगनमताच्या दोन आणि राजद्रोही प्रकाशनाच्या एका, अशा तिन्ही आरोपांत दोषी ठरवले गेले. तेव्हा तो 78 वर्षांचा होता आणि कोठडीत पाच वर्षे काढून झाली होती.

मोर्चाचे काय झाले

कागदावर हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याचे कलम 27 आजही भाषण, मुद्रण, सभा आणि मोर्चा यांचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था अध्यादेशाप्रमाणे 50 हून जास्त लोकांची सभा किंवा 30 हून जास्त लोकांचा मोर्चा असेल तर सात दिवस आधी पोलीस आयुक्तांना कळवायचे. ते 'ना-हरकत पत्र' देतात किंवा मनाई करतात. परवानगीविना जमल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. ही पद्धत जुनीच आहे. 2003 च्या 1 जुलैला पाच लाख लोक रस्त्यावर आले आणि सुरक्षा विधेयक मागे घ्यावे लागले, ते हीच पद्धत असताना.

कोरोनाच्या जमावबंदीत तीन वर्षे गेली. मोठे मोर्चे काढणारी 'सिव्हिल ह्यूमन राइट्स फ्रंट' 15 ऑगस्ट 2021 लाच विसर्जित झाली होती. जमावबंदी उठल्यावर पोलिसांनी परवानगी दिलेला पहिला मोर्चा निघाला 26 मार्च 2023 ला, तोही योगायोगाने त्सेउंग क्वान ओमध्येच. विषय राजकीय नव्हता: समुद्रात भर घालून त्यावर कचरा आणि काँक्रीटची केंद्रे उभारण्याला तिथल्या रहिवाशांचा विरोध होता. अटी अशा होत्या की जास्तीत जास्त 100 माणसे, प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांकाची पट्टी, आणि सगळ्या मोर्चाभोवती चालता दोरखंड. पावसात ऐंशीच्या आसपास लोक आले.